कागद शुद्ध, मग आजार कुठून?

१. वंशावळ काय सांगते आणि काय सांगत नाही

पूडलचं पिल्लू विकत घेताना लोक पुष्कळ काळजी घेतात. आईबाप पाहतात, वंशावळीचा कागद मागतात, त्यावरची तीन पिढ्यांची नावं वाचतात. काही वर्षांनी पशुवैद्य सांगतात की हा आजार जन्मतःच रक्तात होता. मग घरचे हमखास विचारतात, "पण डॉक्टर, हा तर शुद्ध वंशाचा आहे ना? मग याला आजार कसा?"

या प्रश्नामागे एक समजूत आहे. शुद्ध वंश म्हणजे निरोगी वंश, असं लोक धरून चालतात. वंशावळीचा कागद मात्र तेवढं सांगत नाही. या पिल्लाचे आईबाप, आजेआजोबा आणि पणजे सगळे नोंदणी झालेले पूडल होते, एवढीच ग्वाही तो देतो. त्यांच्या पेशींत कोणते दोष दडले होते, याबद्दल त्यावर एक अक्षरही नसतं.

शुद्धतेची व्याख्याच इथे अडचणीची ठरते. पूडलची नोंदवही बंद असते, म्हणजे नोंद झालेल्या पूडलच्या पोटी जन्मलेल्याचीच नोंद होते आणि बाहेरचं रक्त आत येत नाही. त्यामुळे कुरळे केस, तल्लख बुद्धी आणि डौलदार चाल पिढ्यान् पिढ्या टिकते. त्याच बंद दारामुळे जातीत एकदा शिरलेला दोषही आतच फिरत राहतो.

२. एक जात, तीन आकार, वेगवेगळे धोके

पूडल हा मुळात पाण्यातला शिकारी कुत्रा. शिकाऱ्याने टिपलेली बदकं पाण्यात उडी मारून आणणं हे त्याचं काम होतं. सगळ्यात जुना तो मोठा, म्हणजे स्टँडर्ड पूडल. त्याच्यापासून निवड करत करत मिनिएचर आणि टॉय हे लहान प्रकार तयार झाले. अमेरिकन केनेल क्लबच्या मोजमापानुसार खांद्यापाशी १५ इंचांहून उंच तो स्टँडर्ड, १० ते १५ इंचांचा मिनिएचर आणि १० इंचांपर्यंतचा टॉय. युरोपात या तिघांशिवाय मध्यम आकाराचा चौथा प्रकारही मानतात. 'टीकप पूडल' नावाने जी इवली पिल्लं विकली जातात, तो कोणत्याही मोठ्या केनेल क्लबने मान्य केलेला प्रकार नाही. अशा अतिलहान पिल्लांच्या रक्तातली साखर थोड्या उपाशीपणानेही धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आकार बदलला तसे आजारही बदलले. स्टँडर्ड पूडलमध्ये त्वचेच्या तैलग्रंथींचा आजार, ॲडिसनचा आजार आणि खुब्याचा सैल सांधा जास्त आढळतो. त्याची छाती खोल असल्यामुळे जठर फुगून पिळा पडण्याचा धोकाही असतो. ही तातडीची अवस्था आहे. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो.

लहान पूडलचं दुखणं बहुधा पायांत, डोळ्यांत आणि श्वासनलिकेत असतं. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते तेव्हा धावता धावता कुत्रा मागचा एक पाय उचलून दोन-चार पावलं लंगडी घालतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. मालकाला ती त्याची लकब वाटते. पिल्लू काही महिन्यांचं असताना मांडीच्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा आटून ते हाड मरू लागतं, त्या आजाराला लेग-पर्थेस म्हणतात. यात लंगडणं थांबत नाही, दिवसेंदिवस वाढतं. श्वासनलिकेच्या कूर्चा ढिल्या पडल्या की हंसाच्या ओरडण्यासारखा कोरडा खोकला सुरू होतो. डोळ्यांचा आजार मात्र काहीच आवाज न करता येतो, आणि आनुवंशिकता समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

३. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती

जनुक म्हणजे शरीर घडवण्याची आणि चालवण्याची एक सूचना. प्रत्येक कुत्र्याकडे जवळपास प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. एक प्रत बिघडलेली असली तरी पुष्कळदा दुसरीवर काम भागतं. अशा दोषाला अप्रभावी दोष म्हणतात. एक चांगली आणि एक सदोष प्रत असलेला कुत्रा आयुष्यभर ठणठणीत राहतो, पण सदोष प्रत पुढच्या पिढीला देऊ शकतो. तो झाला वाहक. दोन्ही प्रती सदोष निघाल्या तरच आजार होतो.

टॉय आणि मिनिएचर पूडलमध्ये दिसणारा दृष्टिपटलाचा ऱ्हास याच नियमाने चालतो. पशुवैद्य त्याला थोडक्यात 'पीआरए' म्हणतात. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी आणि भरउजेडात काम करणाऱ्या शंकुपेशी असतात. या आजारात आधी दंडपेशी मरतात. कुत्रा संध्याकाळी जिना उतरायला कचरतो, अंधाऱ्या अंगणात जायला नको म्हणतो. बाहुल्या मोठ्या दिसू लागतात, डोळ्यांची चमक वाढते. मग शंकुपेशीही जातात आणि दिवसाचं दिसणंही संपतं. घरातल्या वाटा कुत्र्याला वासाने आणि सवयीने पाठ असतात. त्यामुळे सोफा हलवला किंवा घर बदललं की मगच त्याला दिसत नसल्याचं अनेकांच्या लक्षात येतं. यावर आजही खात्रीचा इलाज नाही.

यामागचा जनुकीय दोष अमेरिकेतल्या संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. संपूर्ण जनुकातलं एक अक्षर बदललेलं होतं. तोच बदल लॅब्राडोर, कॉकर स्पॅनियल आणि इतर बऱ्याच जातींत सापडला. दृष्टिपटलाच्या ऱ्हासाने दृष्टी गेलेल्या एका माणसातही तो आढळला.

आता साधं गणित करू. वाहक नर आणि वाहक मादी यांचा मेळ घातला तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही चांगल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि आजारी होण्याची चारात एक. वाहकाचा मेळ दोन्ही प्रती चांगल्या असलेल्या जोडीदाराशी घातला तर साधारण निम्मी पिल्लं वाहक निघतील, पण या दोषाने आंधळं होणारं एकही निघणार नाही. पुढच्या साऱ्या उपायांचा पाया हे दुसरं गणित आहे.

४. एक दिसतो, अठरा दिसत नाहीत

"आजारी कुत्र्यांची वीण बंद केली की आजार संपेल," असं कुणालाही वाटेल. ते का पुरत नाही, हे एका कल्पित कळपावरून कळतं.

शंभर पूडल आहेत असं धरा. प्रत्येकाकडे दोन प्रती, म्हणजे एका जनुकाच्या एकूण २०० प्रती. त्यातल्या २०, म्हणजे दहा टक्के सदोष आहेत आणि कुत्र्यांचे मेळ कसलीही निवड न करता होतात. अशा कळपात सरासरी एक कुत्रा आजारी असेल, १८ वाहक असतील आणि ८१ पूर्ण निर्दोष. त्या एका आजारी कुत्र्याला विणीतून वगळलं तर फक्त दोन सदोष प्रती बाहेर जातात. उरतात १९८ पैकी १८. दहा टक्क्यांवरचं प्रमाण जेमतेम नऊ टक्क्यांवर येतं. डोळ्यांना दिसणारा आजार हटवला, तरी बहुतेक सगळा दोष निरोगी कुत्र्यांत सुरक्षित राहिला.

डीएनए चाचणीने हे चित्र पालटलं. स्टँडर्ड पूडलच्या नवजात पिल्लांतला एक आजार त्याची साक्ष देतो. यात पिल्लं जन्मतः लहान आणि अशक्त असतात, सुस्त राहतात. पहिल्या आठवड्यातून वाचली तर महिन्याभराने त्यांना झटके येऊ लागतात आणि सात आठवड्यांची होण्याआधी ती जातात. घरात पिल्लं आल्याचा आनंद असताना त्यांना एकेक करून जाताना पाहणं ब्रीडरांच्या वाट्याला येत होतं, आणि कोणत्या जोडीतून ते घडेल हे कुणालाच आधी कळत नव्हतं. २००८ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या संशोधकांनी यामागचा दोष शोधला. तोही अप्रभावी, एकाच जनुकातला. चाचणी हाती आली आणि दोन वाहकांचा मेळ टाळणं शक्य झालं. तेवढ्याने हे मृत्यू पूर्ण टाळता येतात.

मग सगळ्या वाहकांनाच वगळलं तर? वर पाहिलेल्या कळपात एका आजारासाठी शंभरातले १८ निरोगी कुत्रे बाद होतील, दुसऱ्या आजारासाठी आणखी काही, तिसऱ्यासाठी आणखी काही. वीण उरलेल्या मोजक्या कुत्र्यांवर येऊन ठेपेल आणि त्यांच्यात दडलेला, अजून कुणाला माहीत नसलेला दोष सगळीकडे पसरेल. म्हणून चांगल्या वाहकाला निर्दोष जोडीदार द्यावा आणि त्याच्या पिल्लांतून निर्दोष पिल्लू पुढच्या विणीसाठी निवडावं, असा सल्ला जनुकशास्त्रज्ञ देतात.

५. ज्यांना एकच जनुक जबाबदार नाही

सगळे आजार इतके सरळ नसतात. स्टँडर्ड पूडलचे दोन मोठे आजार कुत्र्याच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीतून उद्भवतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी आपल्याच अवयवावर चाल करून जातात.

पहिला आजार तैलग्रंथींचा, सेबेशियस ॲडेनायटिस. केसांच्या मुळाशी असलेल्या आणि त्वचेला तेल पुरवणाऱ्या ग्रंथी यात नष्ट होतात. केसांना रुपेरी कोंडा चिकटतो, डोक्यावरचे आणि पाठीवरचे केस विरळ होतात, कुरळेपणा जाऊन केस सरळ पडू लागतात, अंगाला कुबट वास येतो. आजार संसर्गजन्य नाही, पण तसा समज होऊन कुत्र्याला दूर ठेवलं जातं. निदानासाठी त्वचेचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. उपचार चिकाटीचे असतात. अंगाला तेल लावून ते मुरू द्यायचं, मग औषधी शॅम्पूने धुवायचं आणि हे नियमाने करत राहायचं. गरज पडली तर प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध द्यायचं.

दुसरा ॲडिसनचा आजार. माणसांतल्या या आजाराचं वर्णन लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये केलं. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या दोन छोट्या ॲड्रिनल ग्रंथी ताणाला तोंड द्यायला लागणारं कॉर्टिसॉल आणि शरीरातल्या क्षारांचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉन बनवतात. त्या निकामी झाल्या की कुत्रा मधूनच मलूल होतो, उलट्या करतो, जेवण सोडतो, थरथरतो. दवाखान्यात सलाइन लावलं की टवटवीत होऊन घरी येतो. सगळ्यांना वाटतं, पोट बिघडलं होतं. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. मग लांबचा प्रवास किंवा परक्या ठिकाणचा मुक्काम असा एखादा मोठा ताण येतो आणि कुत्रा कोसळतो. रक्तातलं सोडियम घटलेलं आणि पोटॅशियम वाढलेलं दिसलं की पशुवैद्यांना शंका येते. ग्रंथीला उत्तेजन देऊन कॉर्टिसॉल मोजलं की निदान पक्कं होतं. वेळेत ओळखला तर रोजच्या गोळ्यांवर किंवा ठरावीक काळाने घ्यायच्या इंजेक्शनवर कुत्रा पुष्कळ वर्षं सुखाने जगतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २००३ मध्ये ७७८ स्टँडर्ड पूडलचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ८.६ टक्के कुत्र्यांना ॲडिसनचा आजार होता. त्यांच्या हिशेबाने, एका कुत्र्याला हा आजार होतो आणि दुसऱ्याला होत नाही, या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग वारशातून येतो. म्हणजे वारशाचा हात भक्कम आहे. तरीही या दोन आजारांचं नेमकं जनुक शोधण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा अपुरे पडले. अनेक जनुकांचे छोटे छोटे परिणाम एकत्र येऊन धोका तयार होतो, त्यामुळे यांच्यासाठी होय-नाही असं उत्तर देणारी डीएनए चाचणी नाही.

६. मोजक्या पूर्वजांवर उभी राहिलेली जात

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्टँडर्ड पूडलमध्ये हे दोन आजार झपाट्याने का वाढले? उत्तर प्रदर्शनांच्या इतिहासात आहे. त्या काळात काही स्टँडर्ड पूडल दिसायला विलक्षण देखणे निघाले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या विक्लिफ केनेलचे काळे पूडल त्यांतले सर्वांत नावाजलेले. त्यांनी पारितोषिकं जिंकली आणि जगभरच्या ब्रीडरांना आपल्या पिल्लांत तोच देखणेपणा हवासा वाटला. मग त्याच घराण्याचे नर पुन्हा पुन्हा वापरले गेले, नात्यातच मेळ घातले गेले. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. देखण्या, खणखणीत कुत्र्यात दडलेला दोष तेव्हा पाहता येत नव्हता.

शेतकऱ्याने शेतातलं एकच टपोरं कणीस निवडून त्याच्याच दाण्यांवर पुढची ज्वारी पेरत राहावं, तसं हे झालं. दरवर्षी शेत एकसारखं देखणं दिसतं, पण त्या कणसात एखाद्या किडीला बळी पडण्याची खोड असली तर सगळं शेत एकदम बसतं, कारण वेगळ्या वाणाचं ताटच उरलेलं नसतं.

डेव्हिसचेच शास्त्रज्ञ नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याचा जनुकीय पुरावा मांडला. अमेरिका, कॅनडा आणि युरोपातले स्टँडर्ड पूडल, मिनिएचर पूडल आणि त्या दोघांच्या संकरातले कुत्रे, असे ७६१ कुत्रे त्यांनी तपासले. जातीत वैविध्य अजून शिल्लक आहे, पण त्याची वाटणी फार विषम आहे, असं त्यांना दिसलं. जातीतल्या ७० टक्के कुत्र्यांकडे मिळून तिच्या वैविध्याचा फक्त ३० टक्के वाटा होता. तैलग्रंथींचा आजार आणि ॲडिसन यांनी पीडित कुत्रे प्रामुख्याने याच दाट नात्याच्या गटातले होते. प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांच्या एका गटातली दुर्मीळ रूपं ज्यांच्याकडे होती, त्या कुत्र्यांत या आजारांची शक्यता निम्मी होती.

नात्यातल्या विणीचा धोका मोजायचं एक माप आहे, अंतःप्रजनन गुणांक. एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता तो सांगतो. महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आतेभावाचं मामेबहिणीशी लग्न होत आलं आहे. अशा जोडप्याच्या अपत्याचा गुणांक ६.२५ टक्के येतो. सावत्र भावंडांच्या मेळातल्या पिल्लाचा १२.५ आणि सख्ख्या भावंडांच्या मेळातल्या पिल्लाचा २५ टक्के. तीन पिढ्यांच्या कागदावर एकही नाव दोनदा न आलेल्या पूडलचा गुणांक दहा पिढ्या मागे गेलं की बराच मोठा निघू शकतो, कारण सगळ्या वाटा त्याच थोड्या पूर्वजांपाशी जाऊन मिळतात.

७. संकर केला की सुटका होते का?

१९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अंध-मार्गदर्शक कुत्र्यांच्या संस्थेत वॉली कॉनरन यांनी स्टँडर्ड पूडल आणि लॅब्राडोर यांचा मेळ घातला. हवाईतल्या एका अंध महिलेला असा कुत्रा हवा होता, ज्याच्या केसांचा त्रास तिच्या नवऱ्याला होणार नाही. यातून लॅब्राडूडल जगभर गाजला. कॉकापू आणि कॅव्हापू हे पूडलचे संकरही लोकप्रिय झाले. संकरित म्हणजे निरोगी, असा प्रचारही त्यांच्याबरोबर आला.

यात अर्धं सत्य आहे. फक्त पूडलमध्ये असलेला अप्रभावी दोष लॅब्राडोरशी झालेल्या पहिल्या संकरात आजार घडवू शकत नाही, कारण दुसरी प्रत चांगली मिळते. पण दोन्ही जातींत दोष तोच असेल तर? दृष्टिपटलाच्या ऱ्हासाचा दोष पूडल आणि लॅब्राडोर दोघांतही आहे. दोन्ही आईबाप वाहक निघाले तर संकरित पिल्लूही आंधळं होऊ शकतं. सैल खुबा तर दोन्हीकडे आहेच.

लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजने २०२४ मध्ये ९ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवरून कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. सुमारे ८७ टक्के तुलनांत नेहमीच्या आजारांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. आईबापांची तपासणी झाली नसेल, तर संकर हा तपासणीचा पर्याय होत नाही.

जातीच्या आत वैविध्य वाढवायचा दुसरा मार्ग आहे. मिनिएचर आणि स्टँडर्ड यांचा विचारपूर्वक मेळ घालणं. पेडरसन यांच्या अभ्यासात अशा संकरातले कुत्रे निव्वळ स्टँडर्डपेक्षा जास्त वैविध्याचे आढळले.

८. पिल्लू घेण्याआधी आणि घेतल्यानंतर

भारतात कुत्र्यांची वीण आणि विक्री यांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायला मनाई आहे. आनुवंशिक आजारांबद्दल मात्र खरेदीदारानेच तोंड उघडून विचारायला हवं.

टॉय किंवा मिनिएचर पिल्लासाठी दोन्ही आईबापांची दृष्टिपटलाची डीएनए चाचणी, डोळ्यांची तज्ज्ञाने केलेली तपासणी आणि गुडघ्याच्या वाटीची तपासणी मागावी. मिनिएचरच्या खुब्याचा एक्स-रेही पाहावा. स्टँडर्डसाठी खुब्याचा एक्स-रे, डोळ्यांची तपासणी, नवजात झटक्यांच्या आजाराची डीएनए चाचणी आणि वंशात कुणाला ॲडिसन किंवा तैलग्रंथींचा आजार झाला होता का, याचं सरळ उत्तर मागावं. डीएनए चाचणीला थोडं रक्त किंवा गालाच्या आतून कापसाने पुसून घेतलेला नमुना पुरतो. ती आयुष्यात एकदाच करायची असते. डोळ्यांची तपासणी मात्र विणीतल्या कुत्र्यांची दरवर्षी व्हायला हवी, कारण सगळे नेत्रविकार त्या एका चाचणीत सापडत नाहीत.

"आमच्या कुत्र्यांत कसलाही आजार नाही," असं ठासून सांगणाऱ्यापेक्षा "याची मावशी ॲडिसनने आजारी होती, म्हणून आम्ही जोडीदार दूरच्या घराण्यातला घेतला," असं सांगणारा ब्रीडर जास्त भरवशाचा. वाहक असल्याचा दाखला पाहून पिल्लू नाकारण्याचंही कारण नाही. एका अप्रभावी दोषाचं वाहक पिल्लू त्या आजारापुरतं घरात निरोगीच राहणार असतं.

पिल्लू घरी आल्यावरही मालकाचं एक काम उरतं. ॲडिसन आणि तैलग्रंथींचा आजार बहुधा कुत्रा मोठा झाल्यावर दिसतो. तोवर त्याच्या भावंडांची वीण कधीच सुरू झालेली असते. अशा वेळी पुष्कळ मालक हळहळतात, उपचार करतात आणि ब्रीडरला काहीच कळवत नाहीत. खरं तर चार-पाच वर्षांच्या पूडलला ॲडिसन निघाल्याचा एक फोन ब्रीडरला गेला, तर त्याच्या सख्ख्या बहिणीसाठी ठरवलेला जोडीदार वेळेत बदलता येतो. ज्या आजारांना चाचणी नाही, त्यांच्या बाबतीत ब्रीडरच्या हाती आज मुख्यतः अशी घराघरांतून आलेली माहितीच असते.